ट्रॉमा सर्जन राहून 'डिस्चार्जनंतर काय?' यावर संशोधन करता येतं का?

टाकेवाली

जनरल सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ट्रॉमाच (अपघाती इजांची सर्जरी) करायचं हे नक्की. पण एक गोष्ट सतत खटकते. आमच्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये (मृत्यूंच्या आढावा बैठकीत) दगावलेल्या रुग्णावर तासभर चर्चा होते, आणि वाचलेल्याचा विषय डिस्चार्ज कार्डावर सही झाली की संपतो. तो पुन्हा कामाला लागला का, त्याला रात्री झोप लागते का, कुणालाच पत्ता नसतो. मला यावरच संशोधन करायचंय. सीनियर म्हणतात, "ते फिजिओवाल्यांचं काम, तू हात चालव." खरंच सर्जन राहून हे जमतं का? ऑपरेशनं किती सोडावी लागतात? आणि आकडेवारीत मी अगदीच ढ आहे, त्याचं काय?

जुना स्काल्पेल

जमतं. मी तेच करतो, आणि अजून रात्रीच्या कॉलवरही (तातडीच्या ड्यूटीवर) असतो.

आधी वेळेचं बोलू. ट्रॉमाचं काम पाळ्यांनी येतं, हा मोठा फायदा. कॉलचा आठवडा असला की संशोधनाचं नाव काढायचं नाही. नसला की ओपीडी सोडून उरलेला वेळ संशोधनाचा. नोकरी घेताना हे नियुक्तिपत्रात लिहून घ्या. तोंडी कबूल केलेला वेळ पहिला सहकारी रजेवर गेला की गायब होतो.

ऑपरेशनं सोडू नका. हात थांबला की कॉलवरची मंडळी तुमचं ऐकेनाशी होतात, ते एक. शिवाय ज्या प्रश्नांना सर्जनच लागतो ते सुचायचेही थांबतात. डॅमेज कंट्रोल (आधी जीव वाचवायचा, बाकीची दुरुस्ती नंतर) करताना पोट उघडं ठेवलं, रुग्ण वाचला, सगळे खूश. वर्षानं त्याला भलामोठा हर्निया असतो आणि कामावर वजन उचलता येत नाही. त्या रात्री पोट बंद करता आलं असतं का, हे विचारायला त्या टेबलाशी उभं राहिलेला माणूस लागतो.

सीनियरना लीप अभ्यास वाचायला द्या. अमेरिकेतली 8 ट्रॉमा सेंटर, पायाला अतिगंभीर इजा झालेले 569 रुग्ण, निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. पाय वाचवायचा की कापायचा, यावर तोवर नुसते वाद होते. 2 वर्षांनी दोन्ही गटांची कार्यक्षमता जवळपास सारखी निघाली, आणि दोन्हींत साधारण निम्मेच कामावर परतले होते. मग रुग्ण मागे कशामुळे राहिले? कमी शिक्षण, गरिबी, विमा नसणं, आधाराला माणसं नसणं, धूम्रपान, 'मला जमेल' असा स्वतःवर भरवसा नसणं, नुकसानभरपाईचा खटला. सर्जनच्या हातातली गोष्ट म्हणाल तर त्या यादीत एकच दिसते : गुंतागुंत होऊन पुन्हा भरती व्हावं लागणं. हे वाचून मला आधी रागच आला होता. एवढ्या वर्षांचं कसब, आणि यादीत आपण असे कोपऱ्यात!

दुसरा अभ्यास 2010 चा. इराकमध्ये जखमी झालेल्या 696 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. सुरुवातीच्या उपचारात मॉर्फिन मिळालेल्यांमध्ये पुढे पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) कमी दिसला. निरीक्षणात्मक अभ्यास आहे (प्रयोग नाही, नुसत्या नोंदी), त्यावरून मॉर्फिनमुळेच टळला असं म्हणता येणार नाही. पण पहिल्या तासातल्या वेदनेचा कित्येक महिन्यांनंतरच्या मनःस्थितीशी संबंध असू शकतो, हा विचार मनात आला की जखमींना आधी आणतात त्या ट्रॉमा बेमध्ये आपण जरा वेगळे वागतो.

आकडेवारीचं : एपिडेमिऑलॉजी किंवा पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी फेलोशिपच्या आसपास उरकता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर एक पथ्य पाळा. संख्याशास्त्रज्ञाला प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहिताना भेटायचं. बहुतेक सर्जन डेटा गोळा करून झाल्यावर भेटतात आणि मग तो बिचारा डोक्याला हात लावून बसतो.

जिना चढून दाखवा

मी फिजिओ. "तुमचं काम" म्हणून विषय आमच्याकडे ढकलायचा आणि पेपर छापून आला की आमचं नाव आभारात, हे आधी बंद करा. टाकेवाली, टीम बांधलीत तर फिजिओ, मानसोपचारतज्ज्ञ, सोशल वर्कर यांना पहिल्या बैठकीपासून घ्या. काय मोजायचं हे ठरवतानाच आम्ही हवे असतो. ग्लासगो आउटकम स्केल (रुग्ण कितपत सावरला याची मोजपट्टी) मुळात मेंदूच्या इजेसाठी 1975 साली आलं. त्याचं वाढवलेलं 8 पायऱ्यांचं रूप आता कुठल्याही ट्रॉमाला लावतात. ईक्यू-5डी (तब्येतीबद्दलची प्रश्नावली) सगळ्यांना आवडतं, कारण 5 प्रश्न, फोनवर पटकन होतं. पण त्यात थकव्याबद्दल एक अक्षर नाही, आणि माझे निम्मे रुग्ण थकव्याचंच रडगाणं गात असतात. एक्सरेत हाड जुळलेलं दिसतं आणि माणूस मात्र जिन्याच्या मधल्या वळणावर बसून असतो.

मांडीत रॉड

मी डॉक्टर नाही, रुग्ण. अपघातात बरगड्या मोडल्या, प्लीहा काढली, मांडीत रॉड घातला. सहाएक महिन्यांनी अशाच एका संशोधनासाठी फोन आला. एक मुलगी प्रश्न वाचत होती. अपघाताच्या नको त्या आठवणी येऊन त्रास होतो का, असं तिनं विचारलं. तोवर घरात किंवा दवाखान्यात हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे पायाचं विचारायचे. मी बराच वेळ काही बोललो नाही. तिनं घाई केली नाही, आणि शेवटी कुणाशी बोलायचं असेल तर कुठे जायचं तेही सांगितलं. प्रश्न विचारून फोन ठेवून देणार असाल तर असले प्रश्न विचारू नका.

एक तक्रार. पुढचे फोन कामाच्या वेळेत यायचे. तोवर मी कामावर लागलो होतो, उचलायचोच नाही. माझ्याच वॉर्डातला दुसरा एक जण घरीच होता, तो नेहमी उचलायचा. तुमच्या वहीत तो आहे आणि मी नाही.

टाकेवाली

बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे निकाल खऱ्यापेक्षा वाईट दिसणार?

जुना स्काल्पेल

तेच तर सांगता येत नाही. उलटंही होतं : घर सुटलेला, नंबर बंद झालेला, व्यसनात अडकलेला रुग्णही फोनवर सापडत नाही. सगळ्यात बरे आणि सगळ्यात वाईट, दोन्ही टोकांची माणसं गळतात. या क्षेत्रातलं निम्मं आयुष्य गळालेल्यांना शोधण्यात जातं. कंटाळवाणं काम आहे, आणि दुसऱ्याचा पेपर हातात आला की मी सगळ्यात आधी किती जण गळले तेच बघतो.

भरतीच्या वेळीच दोन नातेवाइकांचे नंबर घ्या. डिस्चार्जनंतर लवकरच एक फोन करा, त्यात प्रश्नावली नको, नुसती विचारपूस. फोन संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशीही जायला हवेत (रॉडवाले दादा, तुमचं अगदी बरोबर). मल्टिपल इम्प्युटेशन (गळालेली माहिती उरलेल्या नोंदींवरून अंदाजानं भरण्याची पद्धत) शिका, पण गळण्याचं कारण तुमच्या नोंदींत असेल तरच ते कामाचं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची ट्रॉमा रजिस्ट्री (जखमींची नोंदवही) बघा. गंभीर जखमींना 6, 12 आणि 24 महिन्यांनी फोन जातो. नको असेल त्यानं नाव काढून घ्यायचं, एरवी सगळे त्यात. ग्रँट संपली की फोन बंद, असा प्रकार तिथे नाही.

बढतीचा विचार मात्र आधीच करा. 12 महिन्यांचा पाठपुरावा म्हणजे शेवटचा रुग्ण घेतल्यावरही वर्षभर हातात पेपर नाही, आणि समित्या पेपर मोजतात. म्हणून सोबतीला एखादा छोटा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, प्लीहा काढलेल्या किती रुग्णांना लसी मिळाल्या? त्यातल्या बऱ्याचशा डिस्चार्जच्या सुमारास द्यायच्या असतात, म्हणजे नेमक्या आपण विषय सोडून देतो तेव्हा.

मांडीत रॉड

थांबा. प्लीहा काढल्यावर लस घ्यायची असते?

जुना स्काल्पेल

हो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धची. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर नोंद नसेल तर या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे जा, काही लसींचे पुढचे डोसही लागतात. आणि यापुढे थंडी वाजून ताप आला तर घरी वाट बघत बसू नका. थेट दवाखान्यात जायचं आणि प्लीहा नाही हे दारातच सांगायचं.

मांडीत रॉड

कार्ड बघितलं. नोंद नाही. उद्या जातो.