खडे काढून वाळू टाकावी का? (२ फुटी टाकी, कोरी मासे)

पंचवटीकर: टाकी २×१×१ फूट, तळाला २ इंच रंगीत खडे, खाली अंडरग्रॅव्हल फिल्टर (खड्यांखाली फटींची प्लेट, पाणी खड्यांतून ओढते). सहा कोरी (कोरीडोरास, तळाशी चरणारे मिशाळ मासे), डझनभर गप्पी. कोरींच्या मिशा झिजल्यात. एका झटक्यात सगळं काढून वाळू टाकायचा विचार आहे. बोला.

बादली_नळी: नको. मिशा झिजल्या की लगेच खड्यांवर खापर फोडतात, पण बहुतेक वेळा दोष खड्यांत अडकून कुजणाऱ्या खाण्याचा असतो. दर आठवड्याला सायफनची नळी खड्यांत पार तळापर्यंत खुपसून २५ टक्के पाणी काढा, खाणं निम्मं करा, महिनाभर बघा. खड्यांवर अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेत. सगळे खडे एकदम काढलेत तर पाण्यात अमोनिया चढतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

सातपूर_टँक: घाणीचा मुद्दा बरोबर, पण अर्धाच. कोरी मासा वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्याची चरायची रीतच ती. खड्यांवर ते जमत नाही. जिवाणूंची काळजी असेल तर स्पंज फिल्टर आधी चार-सहा आठवडे त्याच टाकीत चालवा, म्हणजे जिवाणू स्पंजवरही बसतील, मग खडे काढा. अंडरग्रॅव्हलची प्लेट मात्र निघालीच पाहिजे, वाळू तिच्या फटींत गच्च बसते.

१ इंच थराला साधारण साडेचार लिटर वाळू, म्हणजे सात किलो. ८ किलो आणा, धुताना थोडी जातेच.

बादली_नळी: आणि आणणार कुठून? बांधकामाच्या दुकानात हल्ली क्रश सँड मिळते, ती बेसाल्टची, धारदार. मिशांसाठी खड्यांपेक्षा वाईट!

सातपूर_टँक: ती नकोच. पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू, ०.५ ते १ मिमी, गोल कणांची. वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. नदीची वाळू मिळाली तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत, पाणी जड होईल.

गोदाकाठ: खडे तीन टप्प्यांत काढा, असं पुष्कळ जण सुचवतात. मला पटत नाही. वाळू खड्यांच्या फटींतून खाली जाते, खडे वर राहतात, शेवटी खिचडी होते. स्पंज तयार झाला असेल तर एकाच दिवशी उरका. मासे जुन्या पाण्याच्या बादलीत, एअर स्टोन चालू, वर जाळी. स्पंजही त्याच बादलीत, नळाखाली अजिबात धुवायचा नाही. खडे आणि प्लेट काढा, तळाचा काळा गाळ सायफनने ओढा. वाळू बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा, मग ओली वाळू बशीवर ओतत पसरा. डोंगर होईल अशी ओतू नका. थर १ इंचाच्या वर नको, जाड थरात हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

बादली_नळी: नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत तरी करू नका, गार पाण्यात जिवाणू मंदावतात. आणि पुढचे दोन आठवडे टेस्ट किट हाताशी ठेवा: अमोनिया ०.२५ पीपीएम दिसला की खाणं बंद, २५ टक्के पाणी बदल. नळाचं पाणी हायपो (क्लोरीन मारणारं औषध) टाकूनच.

गोदाकाठ: हे मान्य. पॉवर फिल्टर असेल तर त्याचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून ३ इंच वर ठेवा; इम्पेलरमध्ये (आतल्या फिरत्या पंख्यात) वाळू गेली की तो खरखरायला लागतो.