गर्भ 'रुजतो' म्हणजे आत नक्की काय होतं?

कुंदकळी:
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण हसू नका. परवा माझं एम्ब्रियो ट्रान्सफर झालं, म्हणजे आयव्हीएफने लॅबमध्ये तयार केलेला गर्भ पिशवीत सोडला, पाच दिवसांचा ब्लास्टोसिस्ट, फ्रोझन, म्हणजे गोठवून ठेवलेला. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकून गेला, डॉक्टर म्हणाल्या झालं, उठा आता, आणि मी चक्क चालत बाहेर आले. तेव्हापासून शिंक आली तरी धस्स होतंय, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, बाथरूमला जायचीसुद्धा भीती. सगळे म्हणतात 'आता रुजू दे', पण रुजतो म्हणजे करतो काय तो? चिकटतो? आत शिरतो? आणि तोपर्यंत नुसताच तरंगत असतो का? गूगल केलं तर एक तर मेडिकलचं पुस्तक उघडतं नाहीतर 'ही सात लक्षणं ओळखा'. कोणी साध्या भाषेत सांगेल का

लॅबमावशी:
मी हेच काम करते, एम्ब्रियॉलॉजी लॅबमध्ये, त्यामुळे माझी आयडी बघून घाबरू नकोस :)

आधी तो ठिपका. तो तुझा गर्भ नव्हता गं. गर्भ असतो साधारण 0.1 ते 0.2 मिलीमीटर, छापील पूर्णविरामाहूनही बारीक, पोटावरच्या सोनोग्राफीत तो दिसणं शक्यच नाही. कॅथेटरमध्ये, म्हणजे गर्भ सोडायच्या बारीक नळीत, गर्भाच्या थेंबाच्या मागेपुढे आम्ही हवेचा बुडबुडा ठेवतो, तो चमकतो, त्यावरून कळतं की थेंब कुठे सोडला. बऱ्याच जणी त्या ठिपक्याचा फोटो जपून ठेवतात, मीही कधी सांगत नाही, आज सांगितलं.

आता पडण्याचं. आपल्या डोक्यात गर्भपिशवी म्हणजे रिकामी पिशवी आणि आत गोटी, असं चित्र असतं. तसं नसतं. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्याच असतात, मध्ये चिकट ओलाव्याचा पातळसा थर. दोन ओल्या गाद्यांच्या मध्ये रेतीचा एक कण अडकलाय असं समज. तू शिंक, खोक, जिना चढ, त्या कणाला पत्ताही लागत नाही. आणि लघवीचा रस्ता तर पूर्ण वेगळा आहे, तिथून तो बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

रुजणं म्हणजे काय ते जेवणाच्या सुट्टीत लिहिते, आता डिश बघायच्यात.

सोनटक्का:
लॅबवाल्या ताई काही म्हणोत, मी तर म्हणेन सात दिवस कॉटवरून उतरूच नका. माझ्या जावेने पायाखाली दोन उशा घेऊन काढले आणि तिला जुळी झाली. रिस्क कशाला घ्यायची

लॅबमावशी:
सोनटक्का, जावेचं अभिनंदन, पण ते उशांमुळे नाही झालं. ट्रान्सफरनंतर पडून राहण्याचा अभ्यास बऱ्याच वेळा झालाय, फायदा दिसलेला नाही. उलट दिवसभर पडून पाठ धरते आणि डोकं जास्त चालतं. नेहमीसारखी हिंडफिर, फक्त तुझ्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐक.

हां तर रुजणं. नैसर्गिक गरोदरपणात बीज फलित होतं ट्यूबमध्ये, मग एकाचे दोन, दोनाचे चार करत तो गोळा तीन-चार दिवसांत पिशवीत उतरतो, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतो. म्हणजे आत पाणी भरलेला फुगा, एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका, त्यातून बाळ होणार, आणि बाहेरचा एकेरी थर, त्यातून पुढे वार तयार होणार. तुझा प्रवास आम्ही इथवर डिशमध्ये करून दिला, आता पुढचं त्याचं त्याने.

पहिलं काम म्हणजे कवच फोडून बाहेर येणं. ते कवच बीजांडाचंच, वाटेत ट्यूबला चिकटू नये म्हणूनही ते उपयोगी असतं. बाहेर आला की पुंजक्याची बाजू अस्तराकडे करून टेकतो, आधी सैल, मग घट्ट. त्यानंतरचा भाग मला अजूनही अजब वाटतो. बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींत मिसळून जातात, मधल्या भिंतीच नाहीशा होतात, आणि तो एकसंध गोळा अस्तराच्या पेशींमधून वाट काढत आत घुसतो. नुसता चिकटत नाही, अख्खा आत बुडतो, आणि वरून अस्तर पुन्हा भरून येतं. ट्रान्सफरच्या दिवसापासून मोजलं तर टेकणं एक-दोन दिवसांत, पूर्ण बुडणं पाच-सहा दिवसांत. तू हे लिहिलंस तेव्हा बहुतेक टेकायचंच काम चालू असेल.

निरांजन७:
हे वाचून असं वाटलं की गर्भ आक्रमण करतो आणि गर्भाशय बिचारं सहन करतं. म्हणजे अस्तराचा काही रोल नाही का, नुसती गादी?

लॅबमावशी:
उलट आहे, बरं झालं विचारलंस. अस्तर आधीच कामाला लागलेलं असतं. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर तयार करणारं हार्मोन, चढलं की त्यातल्या पेशी फुगतात, साखर-चरबी साठवतात, आणि माणसात हे दर महिन्याला गर्भ असो नसो होतंच. उंदरात तसं नाही, तिथे गर्भ येऊन टेकल्यावर तयारी सुरू होते. आपल्याकडे आधी मांडव आणि मग वाट बघणं, कोणी आलंच नाही तर मांडव उतरवतात, तीच पाळी.

शिवाय किती खोल जाऊ द्यायचं हेही अस्तर ठरवतं. जुन्या सिझेरियनच्या व्रणावर हे अस्तर नीट नसतं, तिथे वार बसली तर कधीकधी थेट स्नायूत घुसते आणि बाळंतपणात सुटत नाही, ते फार धोक्याचं असतं. आणि हा मांडव सतत उघडा नसतो, महिन्यातले मोजकेच दिवस. म्हणूनच कुंदकळी, तुझं प्रोजेस्टेरॉन सुरू करायचा दिवस डॉक्टरांनी एवढा मोजून दिला असणार.

आळसोबा:
मध्येच घुसतोय. बायकोची टेस्ट परवा पॉझिटिव्ह आली, डॉक्टर म्हणाले चार आठवडे. मी गुपचूप कॅलेंडर काढून हिशेब लावत बसलो, चार आठवड्यांपूर्वी मी टूरवर होतो राव 😅

निरांजन७:
आळसोबा 😂 अरे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात ते. चार आठवडे म्हणजे गर्भाचं खरं वय दोनच आठवडे, आणि रुजून तर जेमतेम आठवडा. कॅलेंडर ठेव कपाटात.

कुंदकळी:
बापरे एवढं कोणीच समजावलं नव्हतं. अजून दोन शंका. घरी टेस्ट कधी करू, आणि थोडंसं स्पॉटिंग झालं तर ते 'रुजल्याचं' समजायचं का? ते न झाल्यामुळे पण टेन्शन आलंय

लॅबमावशी:
स्पॉटिंग काहींना होतं, बहुतेकींना होत नाही. झालं म्हणून रुजला आणि नाही झालं म्हणून नाही रुजला, असलं काही नसतं. छाती दुखणं, पोट जड वाटणं हे तू घेतेस त्या प्रोजेस्टेरॉननेही होतं, तेव्हा लक्षणं मोजत बसू नकोस.

टेस्टचं असं की ती जे हार्मोन पकडते, ते एचसीजी, बनवतो तो आत घुसणारा थरच. अमेरिकेत 1999 साली एक अभ्यास छापून आला होता, नैसर्गिक गरोदरपणांचा, टिकलेल्या गरोदरपणांत बहुतेकींचं रोपण बीज सुटल्यानंतर 8 ते 10 दिवसांत झालेलं दिसलं, आणि जितका उशीर तितकं लवकर निसटण्याचं प्रमाण जास्त. त्यांनी दिवस पकडला होता तो लघवीतल्या एचसीजीवरूनच. म्हणजे आज-उद्या टेस्ट केलीस तर निगेटिव्हच येणार आणि तू रडणार. क्लिनिकने दिलेल्या तारखेला रक्तातला बीटा, म्हणजे एचसीजीची रक्ततपासणी, कर.

आणि औषध चुकवू नकोस हं. नैसर्गिकरीत्या एचसीजी ओव्हरीतल्या कॉर्पस ल्युटियमला, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे तयार होणाऱ्या गाठीला, जागं ठेवतं आणि ते प्रोजेस्टेरॉन देत राहतं. फ्रोझन सायकल पूर्ण गोळ्यांवर असेल तर ते कॉर्पस ल्युटियम तयारच झालेलं नसतं, वार हाताशी येईपर्यंत सगळा भार बाहेरच्या औषधावर. निगेटिव्ह वाटलं म्हणून मनाने बंद करणाऱ्या मी पाहिल्यात.

मोगरा_बट:
एक माझ्याकडून. गर्भ पिशवीत सोडला तरी क्वचित तो सरकून ट्यूबमध्ये रुजू शकतो, माझं तसंच झालं होतं. मला वाटायचं आयव्हीएफमध्ये हे होणारच नाही. बीटा पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला खूप दुखलं, खांद्यात कळ आली किंवा चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जा. घाबरवत नाहीये, पुढच्या वेळी सगळं नीट झालं, मुलगी शेजारी घोरतेय.

कुंदकळी:
थँक्यू मोगरा, लक्षात ठेवीन. मावशी शेवटचं, मग पिडत नाही. मला ट्रान्सफरआधी गर्भाचा फोटो दिला, तो गोल नाहीये, इंग्रजी आठसारखा दिसतोय, एक मोठा गोल आणि त्याला चिकटून छोटा. मी दोन दिवस कोणालाच दाखवला नाही, वाटलं फाटलेला सोडलाय की काय

लॅबमावशी:
अगं वेडे, तो कवचातून बाहेर पडतोय! फ्रोझन असेल तर कधीकधी आम्हीच लेझरने कवचाला छोटी फट करून देतो, तिथून असा पिळून बाहेर येतो. छोटा गोल म्हणजे बाहेर आलेला भाग. दाखव बिनधास्त.

कुंदकळी:
दाखवला. नवरा म्हणतो घाई आईवर गेलीये.