चालकाशिवाय चालणारी खासगी गाडी: मधल्या वेळेत तिनं काय करायचं?

चौकस: खासगी गाडी आयुष्याचा साधारण ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, हे पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप सांगत आले. स्वतः चालणारी गाडी मालकाला उतरवून दुसऱ्यांच्या कामाला जाऊ शकेल. इलॉन मस्क यांनी २०१६मध्येच ही कल्पना मांडली होती. मालकाला चार पैसे सुटतील, रस्त्याकडेच्या जागा मोकळ्या होतील. यात वाईट काय?

तिरकस: वाईट हे, की मोकळी सुटलेली गाडी पार्किंगला जाईलच कशाला? शहर-नियोजनाचे अभ्यासक ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २०१९च्या शोधनिबंधात हेच दाखवलंय. शहराच्या मध्यभागी पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा रेंगाळत फिरणं स्वस्त पडतं. वर अशी गाडी मुद्दाम तुंबलेला रस्ता धरेल, कारण सावकाश चाललं की खर्च कमी! त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली वाहतुकीत, अशा २००० गाड्यांनी रस्त्यांचा वेग ताशी सव्वातीन किलोमीटरच्याही खाली आणला.

चौकस: सिम्युलेशनमध्ये काहीही होतं हो.

तिरकस: मग माणसांवरचा प्रयोग घ्या. सॅन फ्रान्सिस्को परिसरातच १३ जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, स्वयंचलित गाडी असल्यासारखी वापरा म्हणून. गाड्यांचे किलोमीटर ८३ टक्क्यांनी वाढले.

चौकस: तेरा जण, तेही फुकट! फुकटच्या आठवड्यात कोण हात आखडता घेईल? त्यापेक्षा २०१५चा लिस्बनचा अभ्यास बघा: सामायिक गाड्या आणि मेट्रो असेल तर दहा टक्के गाड्यांत जवळजवळ सगळ्यांचा प्रवास भागतो.

मागची_सीट: पण त्या सामायिक ताफ्यातल्या गाड्या होत्या, चौकस. तुमची-माझी नव्हे. माझ्या गाडीत मुलाची सीट पट्ट्यांनी बांधलेली, डिकीत सामान. अनोळखी माणसासाठी रोज सकाळी हे उपसायचं? कोणी आत उलटी केली तर संध्याकाळी बसायचं कुठे? आणि खरी अडचण वेळेची आहे. मी ऑफिसात असते तेव्हा इतरही ऑफिसात असतात. गाडी रिकामी दुपारी, मागणी सकाळ-संध्याकाळी, आणि तेव्हा ती मलाच हवी असते. शिवाय परकं माणूस बसलेलं असताना अपघात झाला तर भरपाई कोणाची: माझी, कंपनीची, की बसलेल्याची? हे ठरल्याशिवाय मी तरी किल्ली देणार नाही. (किल्ली असेल का तेव्हा, कोण जाणे.)

नियमवाला: मागची_सीट यांच्याशी सहमत. गाडी कोणाला द्यायची ते मालकानं ठरवावं, पण रिकाम्या फेरीचे पैसे शहरानं घ्यावेतच. मात्र लंडनसारखा, शहराच्या मध्यभागी गाडी आणायला दिवसाचा एकच ठरावीक आकार नको. एकदा भरला की दिवसभर घिरट्या घालायला मोकळे. सिंगापूरमध्ये १९९८पासून जागा आणि वेळ पाहून पैसे कापतात, ते जवळचं. आणि पार्किंग इमारतीत गाडी स्वतः जाऊन उभी राहणं ही आजच शक्य गोष्ट आहे, स्टुटगार्ट विमानतळावर २०२२मध्ये त्याला मंजुरीही मिळाली. दार उघडायला जागा सोडावी लागत नाही, म्हणून गाड्या खेटून लावता येतात. आधी एवढं करा.

तिरकस: रिकामी फेरी ओळखणार कशी? सीटच्या सेन्सरवर लोक वीट ठेवतील.

नियमवाला: मग आत कोणी असो-नसो, सरसकट किलोमीटर मोजा.

तिरकस: म्हणजे चौघांना नेणारी गाडी आणि रिकामी गाडी सारखंच भरणार. चौकस, चालेल?

चौकस: चालेल. चौघांत वाटलं की माणशी पाव पडतं. रिकामीचा सगळा भार मालकावर. मला हेच हवंय.