हिवाची सालं, गारांची सालं: तुमच्या भागात कोणत्या पिकाचं काय झालं?

बरडी_ते_काळी

हिमाचलातल्या बर्फाचे फोटो फिरायला लागले की पाठोपाठ आपल्या विदर्भातला पारा घसरतो. या आठवड्यात तेच फोटो पाहिले आणि २०१८ चा डिसेंबर आठवला. २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंश होतं. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पान गोठतं. पश्चिमेकडून आलेला झंजावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की आभाळ निरभ्र होतं, उत्तरेचा कोरडा वारा सातपुडा ओलांडून खाली येतो. रात्री वारा पडला की जमीन आपली ऊब आभाळात सोडत राहते आणि ती अडवायला ढग नसतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो. उघड्यावरचं पान त्याहून तीन-चार अंशांनी थंड असू शकतं. म्हणून आकडा ४ चा असताना तुरीच्या शेंड्यावर पांढरं दिसलं तर ते खरंच दहिवर गोठलेलं असतं.

२०१८ मध्ये आणखी एक गोष्ट होती. पाऊस लवकर उघडला होता, ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. कोरडी जमीन दिवसाची ऊब धरून ठेवत नाही, त्यामुळे त्या साली कोरडवाहूला मार जास्त बसला. नुसत्या आकड्यावरून कोणतं साल वाईट हे ठरत नाही. त्या रात्री पीक कोणत्या अवस्थेत होतं आणि जमिनीत ओल किती होती, ते लिहा.

मोर्शीचा_बगीचा

संत्र्याला ते साल वाईट नव्हतं, हे आधी लिहितो. आंबिया बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) थंडीच लागते. पाणी तोडून ताण द्यायचा, हलक्या जमिनीत साधारण महिना, भारी काळीत दीड ते पावणेदोन महिने. सोबत गारठा असला की झाड खरं विश्रांतीत जातं आणि फूट एकसाथ निघते. ज्या साली डिसेंबर उबदार आणि ढगाळ जातो त्या साली ताणच बसत नाही. मग भारी जमिनीवाल्यांना क्लोरमेक्वाट क्लोराइड (वाढ रोखणारं औषध) लिटरला २ मिली, पंधरा दिवसांनी पुन्हा, असं फवारावं लागतं.

बिघडतं कुठं? थंडीची लाट चालू असतानाच ताण तोडला, म्हणजे पाणी सुरू केलं तर. नवी कवळी फूट गारठ्यात सापडते, शेंडे करपतात. लाट ओसरू द्या. पहिलं पाणी हलकं, मग काही दिवसांनी पोटभर. आणि करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. नवी फूट कुठून निघते ते दिसलं की कळतं किती लाकूड मेलंय. लिंबालाही हेच.

वऱ्हाडी_तूर

तुरीचं सांगतो. फूल अन् कवळी शेंग, ह्या दोन टायमाले हीव पडलं तर गेलं. शेंग वरून हिरवीच दिसते, दोन-तीन दिवसांनं काळी पडते, फोडून पाहा तं दाना सुकटलेला. भरलेल्या शेंगीले तेवढं होत नाही. म्हणून लवकर येनारं वाण अशा साली वाचते, उशिराचं मरते.

ओलित असनाऱ्यानं लाटेच्या दोन दिवस आधी हलकं पानी द्यावं. विहिरीचं पानी हिवाळ्यातही कोमट राह्यते अन् ओली जमीन ऊब धरते. पन चिखल करू नका, तुरीच्या मुळ्या बसते अन् मर रोग वाढते. लाईन रात्रीची असली तं उलट बरं, पहाटेच्या आधी पानी फिरवता येते.

सोंगणी_ते_गंजी

धुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेक ठिकाणी तो चुकीचा केला जातो.

रात्री ९-१० ला शेकोटी पेटवून लोक झोपतात. सगळ्यात कमी तापमान उगवतीच्या आसपास असतं, तोवर आग विझलेली. पेटवायचं पहाटे ३ च्या सुमारास आणि दिवस उगवून तासभर होईस्तोवर टिकवायचं. ज्या अंगानं झुळूक येते त्या धुऱ्यावर, एकच मोठा ढीग नाही तर पंधरा-वीस मीटरवर लहान लहान ढीग. ज्वाला नको, धूर हवा. मोठ्या ज्वालेची ऊब सरळ वर जाते, पिकाला काही मिळत नाही. खाली तुराट्या, वर ओलं कुटार आणि पालापाचोळा, मधून पाण्याचा हबका.

वारा असला तर करूच नका. धूर उडून जातो आणि ठिणगी वाळलेल्या पऱ्हाटीत जाते. तसाही वारा असलेल्या रात्री दहिवर गोठत नाही. धुरानं एखाददोन अंशांचा फरक पडतो. पाणी देता येत असेल तर आधी पाणी.

अंजनगाव_पानमळा

केळी आणि पानवेल दोन्हीचं लिहिते, घाईत आहे.

केळीची वाढ १२ च्या खाली जवळजवळ थांबते. निसवणीच्या (घड बाहेर पडायच्या) वेळी लाट आली तर घड खोडाच्या गळ्यात अडकतो, नीट बाहेर येत नाही, फण्या वाकड्या होतात. नंतर काही करून तो सुधरत नाही, म्हणून लागवडीची तारीखच अशी धरायची की निसवण डिसेंबर-जानेवारीत येऊ नये. निसवलेल्या घडाला प्लास्टिकची सच्छिद्र पिशवी घाला, खालून तोंड उघडं ठेवा. छिद्रं नसली तर आत पाणी धरतं आणि फळ काळं पडतं. उत्तरेच्या धुऱ्यावर शेवरीची दाट ओळ. रात्री ठिबक चालवा, दिवसा नको. लाटेनंतर करपा वाढतो, रोगट पानं कापून मळ्याबाहेर न्या.

पानमळ्यात उत्तर आणि पूर्वेचे ताटवे दाट बांधा. गारठ्यानं पान जाड होतं, डाग पडतात, मग बाजारात भाव तुटतो. मळा आधीच कमी झालाय गावोगाव, त्यात एक अशी रात्र पुरे होते.

झाडीपट्टी_बांधी

भंडारा-गोंदियावाल्यांसाठी. उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपं).

डिसेंबर-जानेवारीत टाकलेले पऱ्हे हिवात पिवळे पडतात, वाढत नाहीत, टोकं पांढरी होतात. संध्याकाळी वाफ्यात बोडीचं (लहान तळ्याचं) नाही, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरा, रोप अर्धं बुडेल इतकं. सकाळी ऊन चढलं की काढून टाका. पाणी तसंच ठेवलं तर तेच दिवसभर थंड राहून मुळ्या गारठवते. वरून राख भुरभुरा. कमानी करून रात्री प्लास्टिक, सकाळी नऊला उघडायचं. दिवसभर झाकून ठेवलं तर रोप आतल्या आत सडते.

एक चूक नेहमी होते. पिवळं दिसलं की युरिया. हिवात मूळ चालत नाही, युरिया वाया जातो. पारा वर आल्यावर चार दिवस थांबा. तरी हिरवं आलं नाही आणि पानावर तपकिरी ठिपके असले तर जस्ताची कमी आहे, झिंक सल्फेट द्या.

पोट्टं_बुलढाण्याचं

आमच्याइकडं हिवाळा म्हटला की गाराच आठवते. २०१४!! शेत पांढरं म्हंजे पांढरं. अन् ११ फेब्रुवारी २०१८ बी. खिडकीतून पाह्यलं तं काश्मीर.

बरडी_ते_काळी

भाऊ, २०१४ चं दुःख मोठं होतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून गारा चालूच होत्या, सोंगणीला आलेला गहू आणि चना झोपला. पण गार आणि थंडीची लाट वेगळ्या आहेत. लाटेला कोरडी, निवांत, निरभ्र रात्र लागते. गारेला खाली तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली ओल आणि वर थंड पश्चिमी वारे लागतात. म्हणून ती बहुधा दुपारनंतर, थंडी सरत असताना येते. मात्र २८ डिसेंबर २०२१ ला ऐन हिवाळ्यात पडली, आणि १०-११ फेब्रुवारी २०२४ लाही.

मोर्शीचा_बगीचा

गारेनंतर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, विशेषतः फळबागेत. झाडाची साल फाटलेली असते, तिथून बुरशी शिरते. कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला ३० ग्रॅम, किंवा एक टक्का बोर्डो.

बोर्डो करताना मोरचूद १ किलो ५० लिटर पाण्यात, चुना १ किलो दुसऱ्या ५० लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लोखंडी भांडं नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळायचं. त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून चुन्याची निवळी घाला. जुना, हवा लागलेला चुना वापरला की हे हमखास होतं आणि पानं जळतात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. खोडावरच्या जखमांना पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

सोंगणी_ते_गंजी

झोपलेला गहू उभा करायच्या नादी लागू नका, कांडी मोडते. शेतातलं साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. सोंगून पसरलेला चना भिजला तर गंजी मारू नका, काळा पडतो. ताडपत्रीवर पातळ पसरून उलटापालटा करा.

गावचा_माणूस

पंचनाम्याचं काय? गारेचे फोटो चालतात काय?

बरडी_ते_काळी

फोटोत पीक, गारा आणि मागे ओळखू येणारी खूण, विहीर किंवा झाड, असं घ्या. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. सरकारी मदतीला नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. पीक विम्यात गारेसाठी ७२ तासांत कळवायची अट होती, पण योजनेचे नियम बदलत असतात, चालू हंगामाची अधिसूचना वाचूनच अर्ज करा. संत्र्याचा हवामानावर आधारित विमा वेगळा असतो. गारपिटीसारखं थंडीची लाट आणि दहिवर हेही मदतीच्या अधिसूचित आपत्तींत आहे. तलाठ्याकडे अर्ज देताना तसं स्पष्ट लिहा. बरेच जण लिहीतच नाहीत.

कोंबड्या_आणि_कोठा

जनावरांचं राहिलं. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागतं, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पिल्लामागे २ वॉटचा बल्ब धरा. तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, भिंतीला चिकटली तर गरमी. लाईन जाते त्यासाठी कोळशाची शेगडी तयार ठेवा, पण बंद खोलीत नाही. पडदे वरून फूटभर उघडे हवेत, नाहीतर अमोनिया साचून डोळे जातात.

वासराला पोतं बांधता, चांगलंच आहे. पण खालची जमीन ओली असली तर पोत्याचा उपयोग नाही. कुटार रोज बदला. आणि टाक्यातलं रात्रभराचं पाणी पाजू नका, सकाळी विहिरीचं ताजं द्या.

चूल_आणि_चना

खोबरेल थिजलं म्हणजे लाट आली असं आमच्या घरात सगळे म्हणतात 😊 दही मात्र अजिबात लागत नाहीये चार दिवस. काय करू?

अंजनगाव_पानमळा

खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं ग ताई, त्यावरून लाट कळायची नाही. मैदानात किमान १० किंवा त्याखाली हवं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं, तेव्हा हवामान खातं लाट म्हणतं. पारा ४ किंवा त्याखाली आला तर सरळच लाट.

दह्याला दूध बोट सोसेल इतकं गरम, विरजण दुप्पट, आणि भांडं गव्हाच्या कोठीत दाबून ठेव.

वऱ्हाडी_तूर

गोबरगॅसही हिवात मंदावते. शेणात थंडं पानी टाकू नका, उन्हात ठेवलेलं टाका, शेण-पानी बरोबरीनं. डोमाभोवती कुटाराचा जाड थर. १५ च्या खाली गॅस लय कमी होते, १० ले जवळपास बंदच.

चूल_आणि_चना

धन्यवाद ताई, दादा. अजून एक. चना फुलावर आहे, सकाळी धुई पडते आणि फूल गळतंय. हे हिवानं का धुईनं?

सोंगणी_ते_गंजी

धुई असली की हवेत ओल असते, तेव्हा पारा फार खाली जात नाही, दहिवर गोठत नाही. पण फूल ओलं राहून बुरशीनं गळतं. निरभ्र कोरड्या थंडीत गळण्याचं कारण वेगळं. दिवसरात्रीची सरासरी १५ अंशांच्या खाली गेली की चन्याचं फूल येतं पण घाटा (शेंग) धरत नाही. पारा चढला की झाड पुन्हा फूल काढतं, म्हणून चन्याला एवढ्यानं घाबरायचं नाही. घाटे भरताना २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. गव्हाला तर ही थंडी मानवते, फुटवे वाढतात, दाणा भरायला वेळ मिळतो.

धुईसोबत ढग असले तर घाटेअळी पाहा. एका ओळीत मीटरभर जागेत एक-दोन अळ्या दिसल्या की फवारणीचं ठरवा, आणि पक्षी बसायला तुराट्या रोवा, एकरी वीसेक. चना किती दिवसांचा आहे, ओलिताचा आहे का?

चूल_आणि_चना

५० दिवसांचा. एक पाणी झालंय.

सोंगणी_ते_गंजी

मग दुसरं घाटे धरल्यावर द्या. आत्ता फुलावर दिलं तर पालाच माजेल. तुषारनं तर या अवस्थेत नकोच, फूल धुऊन जातं.