नर्मदाकाठी तुम्हाला भेटलेली माणसं

नर्मदा मैया उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हे परिक्रमेचे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटरच्या या काठाने तुम्ही पायी गेला असाल, बसने गेला असाल किंवा एखाद्याच घाटावर राहिला असाल. देवळांच्या याद्या पुष्कळ मिळतात. इथे माणसांबद्दल लिहा.

*

मी बसने गेलो. भेडाघाटचा धुवांधार धबधबा सगळेच बघतात, पण रावेरखेडीला जरूर थांबा. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथेच गेले. समाधीपाशी आमच्यातले सगळ्यात बडबडे काकाही गप्प बसून होते.

*

मी पायी केली. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटतात, अंगावरचं वस्त्रसुद्धा ठेवत नाहीत, अशा जुन्या गोष्टी ऐकून धास्तावले होते. धडगावच्या अलीकडे अंधार पडला आणि एका पावरा आदिवासी कुटुंबाने 'नर्मदे हर' म्हणत घरात घेतलं. आजींनी चुलीवर भाकरी टाकली, मला खाट दिली आणि स्वतः जमिनीवर निजल्या. मी कितीही नको म्हटलं तरी ऐकेनात. सकाळी त्यांच्या मुलाने टेकडीवरून खाली पसरलेलं पाणी दाखवलं. सरदार सरोवर धरणाच्या त्या फुगवट्याखाली त्यांचं शेत आहे. ज्या पाण्याने जमीन घेतली, त्याच पाण्याच्या नावाने ते अनोळखी माणसाला जेवू घालतात. मी पैसे पुढे केले, तर 'मैयाचं आहे' म्हणून त्यांनी परत केले. परिक्रमेत मला मैया कुठे भेटली असं कोणी विचारलं, तर मी त्या घराचं नाव घेते.

*

नदीच्या मुखाशी कठपोरहून पलीकडच्या काठावरच्या मिठी तलाईला जाताना होडी भरतीच्या पाण्यावरच सुटते. नदी ओलांडायची नाही म्हणून समुद्रातून वळसा! किनाऱ्यावर रात्रभर वाट पाहत भजनं म्हटली.

*

ताईंनी झाडीबद्दल लिहिलंय ते अगदी खरं. मला तसाच जिव्हाळा महेश्वरला मिळाला. अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांचा धंदा अजून चालू आहे. एका मागावर तासभर बसू दिलं. किल्ल्याच्या दगडातली नक्षी साडीच्या काठावर कशी उतरते, ते त्या दादांनी धागा धागा दाखवून समजावलं. साडी घ्याच, असा आग्रह मात्र एकदाही नाही.