अनुभव धागा : पाड्यावरचा बंधारा आणि विद्यार्थी बातमीदार

ठाणे-कल्याणच्या कॉलेजांतली मुलं एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराला शहापूर-मुरबाडकडे जातात आणि परत येऊन ‘गावाने करून दाखवलं’ छापाचा लेख लिहितात. गावकऱ्यांनी स्वतः सोडवलेल्या अडचणीची, उदाहरणार्थ पाण्यासाठी नाल्यावर घातलेल्या बंधाऱ्याची, बातमी मुलांकडून नीट कशी करून घ्यायची? शिकवणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी लिहा. कौतुक नको, कृती हवी. (प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कसारा लोकल
आधी वेळापत्रक. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. शिबिर डिसेंबर-जानेवारीत असेल तर अर्धा पाडा भेटतच नाही, आणि उरलेल्यांचं म्हणणं ‘गावाचं मत’ म्हणून छापलं जातं. किती घरं बंद होती ते मोजून लेखातच लिहायचं.
दोन फेऱ्या हव्यातच : एक नोव्हेंबरात, एक मार्च-एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात कुठलाही बंधारा यशस्वीच दिसतो. आसनगाव, आटगाव, खर्डीपर्यंत लोकल आहे. पुढच्या जीपची परतीची वेळ जातानाच विचारून ठेवा.

फूटपट्टी
‘बंधाऱ्यामुळे विहिरीला पाणी वाढलं’ हे वाक्य माझ्याकडे आकड्याशिवाय पास होत नाही. लागतं काय, तर मीटर टेप, सुतळी, एक दगड आणि खडू.
विहिरीच्या कठड्यावर खडूने खूण करायची आणि दर वेळी तिथूनच सुतळी सोडायची. आत वाकायचं नाही. संध्याकाळी शेवटचा हंडा निघाल्यावर एक माप, पहाटे पहिला हंडा पडण्याआधी दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे रात्रीचा झरा. विहिरीचा व्यास ४ मीटर असेल तर पाण्याच्या दर मीटर उंचीला सुमारे १२,५०० लिटर. रात्रीत पाणी २० सेंटीमीटर चढलं, तर साधारण २,५०० लिटर आलं. पाड्यावर दीडशे माणसं असतील तर माणशी १६-१७ लिटर. जलजीवन मिशनचं (केंद्राच्या घरोघरी नळपाणी योजनेचं) माप माणशी रोज ५५ लिटर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मथळा आपोआप जमिनीवर येतो.
याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच उतारावरची, पण बंधाऱ्याच्या पाण्यापासून लांब असलेली दुसरी विहीर त्याच दिवशी मोजायची. दोन्ही सारख्याच चढल्या असतील तर श्रेय त्या वर्षीच्या पावसाचं. हे मुलांना पटवायला वेळ लागतो, कारण लेख तोवर मनात लिहून झालेला असतो.
बंधाऱ्यातलं पाणीही मोजा. फुगवटा, म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी, ३० मीटर लांब, सरासरी ४ मीटर रुंद, बंधाऱ्यापाशी १ मीटर खोल असेल तर सरासरी खोली अर्धा मीटर धरायची, कारण वरच्या टोकाला तो उथळ होत जातो. ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर. ‘लाखो लिटर’ नव्हे.

बांधावरून
वनराई बंधाऱ्याबद्दल, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाबद्दल, लिहिणाऱ्याला तो फुटतो कसा हे माहीत असावं. सिमेंटची रिकामी पोती साधारण पाऊण भरतात, म्हणजे ती पसरून एकमेकांवर बसतात. गच्च भरली की गोल होतात, मध्ये फटी राहतात आणि पाणी तिथूनच निघतं. तोंड सुतळीने शिवलेलं हवं, थर विटांसारखे सांधे चुकवून, तळ रुंद, मधल्या फटीत चिकणमाती. नुसती वाळू भरली तर पाझर थांबत नाही. जादा पाणी मधून वाहून जायला जागा ठेवली नाही तर ते काठ कापून बाजूने जातं.
ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाला वाहता असतानाच काम झालं पाहिजे. उन्हाने पोती विरतात, पुढच्या पावसात बांध वाहून जातो. म्हणून मुलांनी विचारायचा प्रश्न असा : पुढच्या वर्षी पोती कोण आणणार, कामाला हात किती, आणि ते दिवाळीनंतर गावात असतील का? उत्तर नसेल तर तेही बातमीत.

टाचणी
कागद. ग्रामसभेचं इतिवृत्त मागा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या सभा आधी बघा. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. त्याच नाल्यावर सरकारी बंधाऱ्याचा खर्च पडलेला असेल, तर ‘लोकांनी स्वतः केलं’ ही अर्धीच गोष्ट. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण आपल्या राज्यात १५० शब्द आणि एकच विषय. उत्तराला ३० दिवस, म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाका.

हंडाकळशी
सरपंच आणि शिबिराचे सर बोलून झाले की मुलं वही मिटतात. पाणी भरणाऱ्या बायकांना ‘किती लांब जावं लागतं?’ असं विचारू नका, सोबत चाला आणि घड्याळ लावा. त्यांचा हंडा लिटरच्या बाटलीने भरून मोजा. आधी किती खेपा, आता किती, रांगेत किती वेळ. आणि बंधाऱ्याचं पाणी पितात का? बहुतेक ठिकाणी ते गुरं, कपडे, भाजीपाला यांना जातं. पिण्याची विहीर वेगळीच. तिथे ‘तहान भागली’ लिहिणं म्हणजे थाप.

कसारा लोकल
मजकूर छापण्याआधी पाड्यावर वाचून दाखवावा. बोलीतले शब्द, नात्यातली माणसं, शेताच्या हद्दी इथे हमखास घोळ होतो.

टाचणी
सगळा मजकूर नको. अवतरणं आणि आकडे वाचा, निष्कर्ष नाही. नाहीतर वरच्या आळीला पाणी मिळालं नाही हे वाक्य सरपंचांसमोर गळून पडतं.

खरखर
आवाजाचं थोडक्यात : फोन विमान मोडवर, माइक तोंडापासून वीतभर, वाऱ्याकडे पाठ. प्रत्येक जागी बोलणं थांबवून ३० सेकंद नुसता आसपासचा आवाज रेकॉर्ड करा, तुकडे जोडताना (एडिटिंगमध्ये) लागतो. लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नकोत, आणि पालक भट्टीवर असतील तर नकोतच.