रॉचडेल: टेकडीवरचं चर्च गावाचं होतं की गावाच्या डोक्यावर होतं?

अनिकेत_जळगाव

सहकाराच्या पुस्तकात रॉचडेल पहिल्याच प्रकरणात भेटतं. १८४४ साल, टोड लेनवरचं सहकारी दुकान, २८ सभासद, विकायला पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. मँचेस्टरच्या उत्तरेचं हे गिरणगाव आपण एवढंच शिकतो. त्याच गावात नदीकाठच्या टेकडीवर मध्ययुगापासून सेंट चॅड चर्च उभं आहे. खालून वर जायला शंभराहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही.

माझं म्हणणं असं, की या चर्चला वगळून रॉचडेल समजत नाही. गिरण्या आल्या तरी गावाला निवडून आलेली नगरपालिका १८५६ पर्यंत नव्हती. तोवर करदात्याने उभं राहून बोलायची जुनी, हक्काची जागा म्हणजे चर्चची व्हेस्ट्री, म्हणजे करदात्यांची सभा. तिथे चर्चच्या डागडुजीसाठी पट्टी बसायची, आणि ती सगळ्यांवर बसायची. चर्च ऑफ इंग्लंडच्या या चर्चला न मानणारा क्वेकर असो, मेथडिस्ट असो, कॅथलिक असो. म्हणून विरोध करायलाही सगळे तिथेच जमायचे. १८४० मध्ये या पट्टीवरून वाद पेटला तेव्हा गर्दी इतकी झाली, की सभा बाहेर दफनभूमीत गेली आणि तरुण जॉन ब्राइट (पुढे मोठा खासदार) एका थडग्याच्या शिळेवर उभा राहून बोलला. तो गिरणीमालकाचा मुलगा, धर्माने क्वेकर. तरीही चर्चकडे बघून त्याने म्हटलं, की ही पुरातन वास्तू मागच्या काळाशी आपल्याला जोडते, ती भांडणाचं मूळ झाली नसती तर मी तिच्याकडे मायेने पाहिलं असतं.

हे परक्याचं बोलणं वाटत नाही. गाव राजकारण शिकलं ते या चर्चच्या आवारात.

मृदुला के.

हे मला अजिबात पटत नाही. ज्याने लुबाडलं त्याच्याशी भांडून लोक शहाणे झाले, तर श्रेय लुबाडणाऱ्याला द्यायचं?

चर्चपट्टी भरली नाही तर घरातला माल जप्त होत असे. ब्राइटच्या वडिलांवर ही जप्ती वारंवार आली. ते तरी गिरणीमालक होते, विणकराच्या घरातून उचलून न्यायला असायचं काय? शिवाय व्हिकारच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्र्याच्या, पदाला जोडलेली इनाम जमीन होतीच. ती बांधकामासाठी भाडेपट्ट्याने देता यावी म्हणून अठराव्या शतकातच खास कायदा करून घेतला होता. गिरण्यांमुळे वस्ती वाढली, जमिनीचा भाव चढला, व्हिकारचं उत्पन्न फुगत गेलं. भाव कोणाच्या घामाने चढला?

कामगार लिहायला-वाचायला आणि सभा चालवायला शिकले ते मोठ्या प्रमाणात इतर पंथांच्या छोट्या चॅपेलांत, रविवारच्या शाळांत, मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांच्या आणि रॉबर्ट ओवेनचा सहकारी विचार मानणाऱ्या ओवेनवाद्यांच्या बैठकांत. टोड लेनच्या २८ जणांत ही सगळी माणसं होती. धर्म आणि पक्ष दुकानाच्या बाहेर, हे तत्त्व त्यांनी धरलं, कारण धर्मावरून गाव कसं फाटतं हे त्यांनी पाहिलं होतं. तुमच्या चर्चने त्यांना दिलं असेल तर एवढंच.

सदानंद पाटणकर

मृदुलाताई, जप्तीचं आणि जमिनीचं खरं आहे. पण या चर्चचा माणूस म्हणजे फक्त व्हिकार, असं धरू नका.

ब्राइटशी ज्याचं वाजलं तो व्हिकार जॉन मोल्सवर्थ. मोठा भांडखोर आणि चर्चच्या हक्कांबाबत कडवा. त्याचा मुलगा विल्यम त्याच गावात स्पॉटलंड भागातल्या सेंट क्लेमंट चर्चचा व्हिकार झाला आणि १८४४ पासून तब्बल पंचेचाळीस वर्षं तिथे राहिला. हा मुलगा राजकारणात जहाल, ब्राइटचा आणि मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता कॉब्डन याचा मित्र, आणि सहकारी चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी एक. बाप चर्चपट्टीसाठी ब्राइटशी झुंजतोय आणि मुलगा ब्राइटशी मैत्री ठेवून टोड लेनच्या बाजूने उभा आहे, तेही दोघे चर्च ऑफ इंग्लंडचेच पाद्री. माझ्या मते रॉचडेलची खरी गोष्ट ही आहे.

बापाच्याही बाजूने एक सांगतो. १८६६ चा रॉचडेल व्हिकारेज कायदा त्याच्याच पुढाकाराने झाला. मुख्य चर्चच्या वाढलेल्या उत्पन्नातून आजूबाजूच्या छोट्या देवळांना स्वतंत्र पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) म्हणून कायमचं उत्पन्न मिळालं. हा पॅरिश अवाढव्य होता, टॉडमॉर्डन आणि यॉर्कशरमधलं सॅडलवर्थसुद्धा त्यात यायचं. डोंगरापलीकडच्या गिरणीवस्तीला जवळ पाद्री मिळणं ही छोटी गोष्ट नव्हती.

मृदुला के.

मुलाबद्दल मला आदर आहे. पण तो चांगला होता म्हणून संस्था चांगली ठरत नाही. आणि १८६६ मध्ये वाटलेला पैसा चर्चकडून चर्चकडेच गेला. गावाच्या शाळेला, दवाखान्याला, पाण्याला त्यातलं काय मिळालं? जमीन गावामुळे महागली, तर वाटा गावाला हवा होता.

वऱ्हाडी_मी

वाटा फक्त गावालाच का? ज्या कापसावर ती जमीन महागली तो कुठून आला, हेही बोला.

अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर तिथला कापूस थांबला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसाला मागणी आली. गुजरातचा, खानदेशचा, आमच्या वऱ्हाडचा, सगळ्याला तिकडे नाव एकच, ‘सुरत’. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा, म्हणून तिथले कामगार त्याला कंटाळले होते. देवा कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना तिथे केली गेल्याचं सांगतात. इकडे शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन वर्षं पैसा खेळला. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, सावकाराचं कर्ज राहिलं. १८७५ ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे ही घसरणही होती.

चर्च आणि चॅपेल यांच्या भांडणात आपला शेतकरी कोणाच्याच सभेत नव्हता. ब्राइटने १८४८ मध्ये भारतातल्या कापसाच्या लागवडीवर संसदीय समिती चालवली, तीही मुख्यतः गिरण्यांना माल मिळावा म्हणून.

अनिकेत_जळगाव

वऱ्हाडी, हा मुद्दा या चर्चेत यायलाच हवा होता, मी स्वतः खानदेशचा. पण मूळ प्रश्न सोडत नाही.

मृदुलाताई, मी श्रेय व्हिकारला देत नाही, जागेला देतोय. चॅपेलमध्ये मेथडिस्ट मेथडिस्टाशी बोलायचा, युनिटेरियन युनिटेरियनशी. व्हेस्ट्रीत मात्र गिरणीमालक, दुकानदार, पाद्री आणि क्वेकर समोरासमोर येत. पट्टी सगळ्यांवर होती, म्हणूनच ‘हे चर्च माझंही आहे, मला त्यात बोलायचंय’ असं त्याला न मानणारा माणूसही म्हणू शकत होता.

मृदुला के.

सगळे समोरासमोर येत, असं म्हणू नका. पट्टी भरणाऱ्याचं मत तिथे मोजलं जाई. भाड्याच्या खोलीत राहणारी सूतकताई करणारी बाई, गिरणीतली पोरं, आयरिश मजूर यांचं काय? तुम्ही म्हणता ती जागा घरदार असलेल्यांची होती. आणि सक्तीची पट्टी १८६८ मध्ये लिबरल पुढारी ग्लॅडस्टनने कायद्याने बंद केली, म्हणजे थडग्यावरच्या त्या भाषणानंतर २८ वर्षांनी. तेवढ्या काळात टोड लेनच्या दुकानाने हजारो सभासद जमवले, एकालाही न धमकावता. सभासद बाईलाही तिथे मत होतं. व्हेस्ट्रीच्या बाजूने बोलायचं असेल तर आधी याचं उत्तर द्या.